टायरमधली हवा आणि "घरी बसून लिहिलेलं" : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्री तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोजची गाडी ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, न्यायची तर काय तयारी करावी, यावर मी मागं लिहिलं होतं. सकाळी गार टायरमध्ये कंपनीच्या स्टिकरवर आहे तेवढीच हवा ठेवा आणि टायर तापल्यावर मोजा, असं त्यात होतं. तुम्ही म्हणता, चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त भरूनच उतरायचं, नाहीतर वळणावर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मुडपते. ब्रेक पॅड आणि विमा मी विसरलो, ब्रेक ऑइलचा आकडाही चुकला. आणि शेवटी, "मराठवाड्यात ट्रॅक कुठंय? घरी बसून लिहिलेलं लगेच कळतं."

चूक आधी मान्य करतो. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, माझ्याकडून २०३ पडलं. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? मुद्दा हवेचा होता, त्यात माझं गाव कुठून आलं? मराठवाड्यात ट्रॅक नाही हे मला तुमच्याकडून कळायची गरज नाही. चेन्नईजवळ आहे, कोइमतूरजवळ करी आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध आहे. आम्हाला सगळेच लांब. संभाजीनगरहून करीला मी दोनदा गेलो, एका बाजूला हजाराच्या वर किलोमीटर, त्याच गाडीनं, त्याच चार टायरांवर. आणि त्यांच्यावरच घरी परत आलो. माझा अख्खा लेख याच माणसासाठी होता, ज्याला संध्याकाळी त्याच टायरांवर परत निघायचंय.

आणि हवेबद्दल म्हणाल तर माझ्या वडिलांचं जालना रोडला पंक्चरचं दुकान होतं. आठवीपासून उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिथं काढल्या. मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात बीडकडून जीप यायची. ड्रायव्हर म्हणायचा, हवा जास्त झालीय, काढा. वडील काढू द्यायचे नाहीत. "गाडी सावलीला लाव, चहा पी, गार झाल्यावर बघू." तापलेल्या टायरचा आकडा वेगळा आणि गार टायरचा वेगळा, हे मी तिथं शिकलो. तुम्ही त्याला घरी बसणं म्हणत असाल तर म्हणा.

आता हिशोब बघा. टायरमधली हवा साडेपाच अंशांनी तापली की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. माझ्या गाडीच्या स्टिकरवर ३३ आहे. करीला सकाळी टायर २५ अंशांवर असेल आणि पाच-सहा फेऱ्यांत आतली हवा साठपर्यंत गेली, तर सहा पीएसआय वाढले. म्हणजे ३९. तुमच्यासारखं ३८ वरून सुरू केलं तर ४४ च्या पुढं. मग टायर मधोमध फुगतो, कडा रस्त्यावर नीट टेकत नाहीत, ब्रेक मारला की गाडी सरकते. नवखा माणूस घाबरतो तो तिथंच.

साइडवॉलचं मी अंदाजानं बोललो नाही. चारही टायरांच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथं, पांढऱ्या खडूच्या रेघा मारल्या होत्या. दुसऱ्या सेशननंतर पाहिलं, तर बाहेरच्या बाजूचा खडू टायरवर असते त्या छोट्या त्रिकोणाच्या खुणेपर्यंत पुसलेला, त्याच्या खाली जसाच्या तसा. मुडपली असती तर खालचाही गेला असता. जड एसयूव्हीत तो जाऊ शकतो, तिथं दोन पीएसआय वाढवून परत बघा. बघून वाढवा, एवढंच मी म्हणतोय. तुम्ही "चार-पाच" लिहिलंय. चार की पाच? पुढं की मागं? कुठल्या गाडीला?

वडिलांनी जे करू दिलं नाही तेच ट्रॅकवर करावं लागतं, तापून ३९ वर गेलेल्या टायरची हवा काढावी लागते. धोका त्यातच आहे. पहिल्या वेळी मी गरम टायर ३६ वर आणले आणि संध्याकाळी तसाच निघालो. सकाळी ट्रॅकवर काढून ठेवलेली स्टेपनी, जॅक, सामान सगळं परत डिकीत. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा टायरच्या खांद्याला हात लावून ठेवता येईना. टायर गार होऊ दिले, गेज लावला तर ३० सुद्धा नाही. एवढ्या कमी हवेवर भरलेली गाडी हायवेला पळवली की साइडवॉल आतून तापते, आणि टायर फुटू शकतो. आपल्याकडच्या उन्हात तर काही विचारू नका. तेव्हापासून निघण्याआधी दीड तास गाडी सावलीत उभी, मग हवा ३३, मग प्रत्येक नट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं. सेशननंतर ब्रेक तापलेले असतात, म्हणून हँडब्रेक ओढत नाही, चाकाला दगड लावतो. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

राहिलं ब्रेक पॅड, त्यावर वेगळं लिहीन. विम्याचं म्हणाल तर शर्यत आणि वेगाची चाचणी वगळल्याचं पॉलिसीवरच छापलेलं असतं, ते मी काय सांगायचं?

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा गाडी, टायरचा साइज, त्याच्यावरचा बनवल्याच्या तारखेचा चार आकडी नंबर आणि चारही चाकांचे गार-गरम आकडे लिहा. मी एकेक वाचून उत्तर देईन. गावावरून बोलायचं असेल तर मात्र माझ्याकडून उत्तर येणार नाही.