पैसा नव्हता, कर्ज नव्हतं? मग पेटीतले हे रोखे कुणाचे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. "दीडशे वर्षांपूर्वी आपली गावं स्वयंपूर्ण होती. पैसा कुणाला लागत नव्हता, कर्ज कुणाला ठाऊक नव्हतं. गावाबाहेर कुणी जात नव्हतं. मोडी ही गुप्त लिपी होती, म्हणून इंग्रजांनी ती मारली. पत्रं, कागदपत्रं हे राजेरजवाड्यांचं काम." माझ्या भावकीतल्या तिघांनी तो मला पाठवला. आमच्याच माडीवर पत्र्याच्या पेटीत त्याला खोटं ठरवणारे कागद पडून आहेत, आणि ते वाचायला शिकल्यापासून मला हा मजकूर नुसता पुढे ढकलवत नाही.

पैशाचं आधी. बलुतं होतं हे खरं. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना खळ्यावर धान्य मिळायचं. पण सरकारचा सारा धान्यात भरता येत नव्हता. 1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, 1836 मध्ये धारवाडातून बेळगाव जिल्हा वेगळा झाला, मग मोजणी होऊन सर्व्हे नंबरागणिक रोख सारा ठरला. त्याचे हप्ते रुपयांत आणि ठरल्या वेळी. घरात ज्वारीची कणगी भरलेली असली तरी हप्त्याला रुपया लागायचाच, आणि तो सावकाराकडून यायचा.

म्हणजे कर्ज. इथे थोडं थांबावं लागेल, कारण पेटीतले निम्मे कागद कर्जरोखेच आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकाच खातेदाराचे इतके रोखे पाहून मला वाटलं, हा माणूस उधळ्या असणार. तसं नव्हतं. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायला तीनच वर्षं दिली. हेतू कुळाला, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला, दिलासा देण्याचा होता. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा लिहवून घेई. हिशेब करून बघा. पंचवीस रुपये, व्याज दरमहा दरशेकडा दोन. तीन वर्षांचं व्याज अठरा. नवा रोखा त्रेचाळीसचा. काहीच फिटलं नाही तर आणखी तीन वर्षांनी जवळजवळ चौऱ्याहत्तर. मधे एक पैसाही नव्याने हातात आलेला नाही! 1875 मध्ये पुण्याजवळ सुप्याला आणि मग नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून काय जाळलं? हेच रोखे. ते दंगे आपल्या जिल्ह्यात झाले नाहीत, पण कायदा सगळीकडे एकच होता.

आणि "दीडशे वर्षांपूर्वी" म्हणजे नेमकं कधी, याचा हिशेब मजकूर लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. 1876 ला पाऊस गेला आणि आपला भाग मोठ्या दुष्काळात सापडला. 1872 च्या खानेसुमारीपेक्षा 1881 ला जिल्ह्यात माणसं कमी भरली. त्या वर्षांना सुखाचे दिवस म्हणणं मला पटत नाही. आपल्याच माणसांनी ते सोसलंय.

गावाबाहेर कुणी जात नव्हतं म्हणे. रेल्वे येण्याआधी इकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला जायचा आणि गाड्या मीठ, नारळ भरून परत यायच्या. बाजार करायला बेळगावातून शहापुरात गेलात तरी राज्य बदलायचं, कारण शहापूर सांगली संस्थानात होतं.

मोडी गुप्त नव्हती. ती भराभर लिहायची लिपी. आधी ओळ आखून घ्यायची आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्द तोडायचे नाहीत. आज आपल्याला वाचता येत नाही एवढ्यावरून ती गुप्त होत नाही. 1810 मध्ये सेरामपूरला विल्यम केरीने मराठीचा कोश छापला तो मोडीचे ठसे पाडून, आणि इंग्रजांच्या कचेऱ्यांतही मोडी पुढे कितीतरी वर्षं चालली. ती मागे पडली ती छपाईला बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, सोयीची म्हणून. आपल्याकडे तर घरात कन्नड बोलणाऱ्या देसाई-पाटलांच्या वतनाचे कागदही मोडीत सापडतात. तेव्हा मोडी कागद दिसला की लगेच घराण्याची भाषा ठरवू नका, ही विनंती मी मराठी माणूस म्हणूनच करतोय.

राहिलं ते राजेरजवाड्यांचं. 1854 मध्ये टपालाची तिकिटं आली आणि हलकं पत्र अर्ध्या आण्यात, कितीही लांब असलं तरी, जाऊ लागलं. 1879 मध्ये कार्ड आलं ते पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं. लिहिता येत नसलं तर कुलकर्ण्याकडून नाहीतर शाळामास्तरांकडून लिहवून घ्यायचं. "येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे" हा मायना कार्डावरही आधी यायचा आणि खरी बातमी उरलेल्या चार बोटांत कोंबलेली असायची.

दस्तावर तर सही न येणाऱ्यालाही जागा होती. लिहिणारा शेवटी "बिकलम" (म्हणजे 'अमक्याच्या कलमाने') घालून आपलं नाव लिही, आणि ज्याचा दस्त तो आपल्या हाताने निशाणी काढी. कुणब्याची निशाणी नांगर. आमच्या पेटीतल्या एका रोख्यावरचा नांगर पाहिला की कळतं, या हाताला बोरूची सवय नाही. रेघ जाड सुरू होते, मधे थांबते, तिथे शाईचा ठिपका पडलाय, मग फाळाकडे वाकडी उतरते. त्याच गठ्ठ्यात एका गहाणखतावर नांगराच्या जागी नुसतं एक वर्तुळ आहे, नीट न जुळलेलं, आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द: निशाणी बांगडी.