नानांचं नाणं आणि माझं मॉडेल

भाऊ,

साक्रीकडच्या पवनचक्क्यांच्या मोडीत निघालेल्या पात्यांतला काचधागा आणि चटईवाल्यांकडचा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा रिसायकल दाणा मिसळून केलेल्या शीट मी ठोकतो, आवाज मायक्रोफोनने टिपतो आणि मशीन लर्निंगने तपासतो. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आमचे नाना नाण्याने ठोकून शीट पास-नापास करतात. मशीनले काय समजस? अन् ती 96 टक्के अचूकता मला तरी खरी वाटत नाही."

शेवटचं आधी घेतो. आकडा फुगलेलाच होता. सहा शीटचे प्रत्येकी वीस तुकडे कापले, सगळे एकत्र कालवले, त्यातल्या काहींवर मॉडेल शिकवलं आणि उरलेले परीक्षेला ठेवले. म्हणजे एकाच शीटची भावंडं दोन्हीकडे! मॉडेल दोष नव्हे, शीट ओळखत होतं. तुमचं वाचल्यावर एकेक शीट अख्खी बाजूला ठेवून पुन्हा तपासलं, तर दोन शीटवर अंदाज निव्वळ नाणेफेक निघाला. लेख दुरुस्त केला आहे.

नानांचा कान मात्र माझ्याहून हुशार. थर सुटला की तिथला कडकपणा जातो, आवाज बद्द येतो. तेवढं माझा मायक्रोफोनही ऐकतो. पण पॉलिप्रॉपिलीन उन्हात मऊ पडतं. जानेवारीच्या सकाळी खणखणणारी शीट मे महिन्यात एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडखाली धडधाकट असूनही मंद बोलते. नाना ते मनातल्या मनात वजा करतात. मॉडेलला कुणी सांगितलंच नव्हतं. आता प्रत्येक ठोक्यासोबत शीटचं तापमानही नोंदवतो.

एक गोष्ट मात्र दोघांनाही ऐकू येत नाही. पात्यातलं रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारी राळ, काढून धागा मोकळा करायला भट्टी 450-500 अंशांवर न्यावी लागते. त्यात काचधाग्याची ताकद निम्म्याहून खाली येऊ शकते, पण कडकपणा जवळपास तसाच राहतो. ठोक्याचा सूर ठरतो कडकपणा आणि वजनावर. म्हणून भाजून निघालेल्या धाग्याची शीटही छान वाजते, आणि ओढली की लवकर तुटते. हे यूटीएमवर, म्हणजे ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तुकडा तोडल्याशिवाय कळत नाही, अन् तोडलेला तुकडा विकता येत नाही. माझी धडपड एवढ्यासाठीच आहे: भट्टीत धागा किती अंशांवर किती वेळ होता, ती नोंद आणि ठोक्याचा आवाज मिळून मॉडेलने सांगावं, कोणती शीट तोडून बघायची. पास-नापासचा शिक्का त्याच्या हाती देणार नाही.

नानांना एखादी सकाळ मोकळी असेल तर जळगावला घेऊन या. त्यांनी नापास केलेले तुकडे यूटीएमवर लावू. पास केलेलेही लावू द्या, म्हणजे झालं.