मतासाठी परीक्षा हवी म्हणणाऱ्यांना

निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर एक सूर हमखास निघतो: दहावी पास असेल त्यालाच मताचा हक्क द्या, नाहीतर कर भरणाऱ्यालाच. इथे अमेरिकेत मराठी मंडळींच्या गप्पांतही त्यावर माना डोलतात. पण ज्या देशात बसून आपण हे बोलतो, त्यातल्या मिसिसिपी राज्याने हा प्रयोग तब्बल पाऊण शतक केला.

१८९० च्या राज्यघटनेत त्यांनी वाचनाची अट आणि मत देण्यासाठी वर्षाला दोन डॉलर मतकर घातला. 'काळा' हा शब्द त्या अटींत कुठेच नव्हता. १९५५ नंतर मतदार नोंदणीचा अर्ज २१ प्रश्नांचा झाला. राज्याच्या घटनेच्या २८५ कलमांपैकी रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणी अधिकारी, बोट ठेवेल ते उतरवून काढायचे, त्याचा अर्थ लिहायचा, वर नागरिकाच्या कर्तव्यांवर टिपण. उत्तीर्ण ठरवणार तोच रजिस्ट्रार. गोऱ्यांपुढे 'कर्जापायी कोणाला तुरुंगवास होणार नाही' असले एका ओळीचे कलम ठेवले जाई. मळ्यावर राबणाऱ्या काळ्या फॅनी लू हेमर यांना ३१ ऑगस्ट १९६२ रोजी 'डी फॅक्टो' (प्रत्यक्षात चालणाऱ्या) कायद्यांचे कलम मिळाले. त्या नापास झाल्याच, शिवाय अर्ज मागे घेत नाही म्हणून १८ वर्षे राबलेल्या मळ्यावरून त्याच दिवशी हाकलल्या गेल्या. अर्जदारांची नावे दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. कोणाला कामावरून काढायचे याची यादी मालकांना आयती मिळे.

राज्यात मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी जेमतेम ६.७ टक्के नोंदले गेले होते. ६ ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने तिथल्या परीक्षा थांबवल्या, गरज पडेल तिथे केंद्राचे अधिकारी नोंदणीला बसवले. १९६७ पर्यंत आकडा साठ टक्क्यांच्या घरात गेला. दोन वर्षांत लोक काही एकाएकी साक्षर झाले नव्हते!

'आम्ही परीक्षा निःपक्ष घेऊ' याचेही उत्तर अमेरिकेतच आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या गॅस्टन काउंटीच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की काळ्या मुलांना वेगळ्या, निकृष्ट शाळांत शिकवल्यावर निःपक्ष परीक्षाही भेदभावच करते. आपल्याकडे शाळेच्या दाराबाहेर कोणाला बसवत होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तो हे ओळखूनच.

अर्थात तो मिळाल्यावरही यादीत नाव लागावे लागतेच. भारतातल्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे गळली, कारण 'अमक्याची बायको' याखेरीज स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नाही. आज वाद घालायचाच तर फॉर्म ७ वर घाला: नाव वगळण्याचा अर्ज कोणी दिला, बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचा अधिकारी) घरी जाऊन आला का, नोटीस मतदाराच्या हाती पडली का.