तीन रुपये शिलाई

आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर कुणीतरी मोबाइलमधले २०२० चे फोटो काढले. पन्नास माणसांतलं लग्न, नवरा-नवरीला मॅचिंग मास्क, आणि नवरीच्या मास्कवर बाहेरून अडकवलेली नथ. सगळे हसलो. मीपण हसलो, ती नथ होतीच तशी. मग आमच्यातले एक साहेब दाढी खाजवत म्हणाले, "काय येडे होतो राव आपण, तोंडाला फडकी बांधून फिरत होतो! बायकांचा मात्र मस्त टाइमपास झाला, घरबसल्या शिवत बसल्या."

मी डबा बंद केला आणि उठलो. तिथंच बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि अप्रेझल तोंडावर आलंय. म्हणून इथं लिहितोय. साहेब माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत. कुणी स्क्रीनशॉट पाठवलाच तर पाठवा, आता मूडच तसा आहे.

माझी आई साताऱ्यात ब्लाउज शिवते. तुमच्यातले जे घरी येऊन जेवून गेलेत त्यांनी ते मशीन बघितलंय. खिडकीखाली, काळं, पायानं चालवायचं, चामडी पट्ट्याला दोन ठिकाणी तारेचा जोड. त्या मशीनवर माझी फी निघाली, ताईचं लग्न निघालं, बाबांच्या एसटीच्या पगारात जे बसत नव्हतं ते सगळं निघालं. टाइमपास म्हणे.

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून गाडी मारत घरी पोचलो. लग्नसराई तोंडावर, आईकडे तयार ब्लाउजांचा ढीग, सगळे हुक-बटणांसकट. आणि मग सगळं बंद. लग्नंच पुढं गेली म्हटल्यावर ब्लाउज न्यायला कोण येणार? आईचे सीझनचे पैसे त्या ढिगात अडकून पडले. माझा पगार अर्ध्यावर आला होता, तेही तेव्हाच.

एप्रिल लागला तसं सरकारनं सांगायला सुरुवात केली की लोकांनी घरीच कापडी मास्क करून वापरावेत, दवाखान्यातल्यांना लागणारे मास्क दवाखान्यांसाठी राहू द्यावेत. ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला. त्याच सुमारास आमच्या फाटकाशी एक बुलेट थांबली. आमच्या भागातल्या एका नेत्याचा माणूस. नाव घेत नाही, सातारकरांनी अंदाज बांधत बसू नये, असे 'भाऊ' गल्लोगल्ली आहेत. मागच्या सीटवर कापडाचा तागा.

"काकी, भाऊंना पाच हजार मास्क वाटायचेत. आळीतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायकांना देतोय. कापड आमचं, दोरा तुमचा. शिलाई तीन रुपये."

आई म्हणाली, "पाच तरी द्या की."

"काकी, संकटाचा काळ हाय, पैशाकडं काय बघताय? आन् तसंबी तुमी घरीच बसून हाय की आता."

आई गप्प बसली. मी दारात उभा होतो, माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण घासाघीस तिची, मशीन तिचं. ती काही बोलेना. मग तिनं ताग्याची कड हातात घेतली, चोळली, एक धागा ओढून काढला आणि आत जाऊन गॅसवर धरला. सुताचा धागा कागदासारखा जळतो, मागे भुरभुरीत राख राहते. हा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो मणी तिनं बाहेर आणून त्याच्या तळहातावर ठेवला.

"टेरिकॉट हाय. ह्यात जीव कोंडतो माणसाचा. सुती आणा."

तो म्हणाला, "काकी, वाटायचंच तर हाय." आई म्हणाली, "वाटायचं हाय म्हणूनच." आणि तागा परत पाठवला. आळीतल्या बाकीच्या बायकांनाही तिनं कुंपणावरून सांगितलं, त्यांनीही परत पाठवला. दोन दिवसांनी कुठल्याशा बंद दुकानाच्या मागच्या दारातून इचलकरंजीचं पॉपलीन आलं.

हे मी किती वेळा आठवलंय आणि प्रत्येक वेळी वेगळाच राग आलाय. कापडासाठी बाई भांडली, जिंकली. स्वतःच्या दोन रुपयांसाठी एकदा बोलली आणि सोडून दिलं.

आता ज्यांना वाटतं मास्क म्हणजे दोन चौकोन ठेवले आणि चारी बाजूंनी टीप मारली, त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. मला तेव्हा दुसरा उद्योग नव्हता, सगळं समोर बसून बघितलंय.

कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि बोलताना मास्क नाकावरून खाली येतो. मग नऊ इंची चौकोन, पोरांसाठी सात. दोन पदर. त्यावर तीन चुण्या, तिन्हींची तोंडं खालच्या अंगाला, कारण वर तोंड ठेवलं तर चुणीत धूळ बसते. नऊ इंचाची उंची पाचावर येते आणि तोंडावर चढवला की चुण्या उघडून हनुवटीखाली जातात. दोन पदरांची एक चुणी म्हणजे कापडाचे सहा थर. कडेला त्यावर परत पायपिंगची घडी. तिथं मशीन अडतं. जोरात पायटा मारला की सुई मोडते, आणि सुया कुठं मिळत होत्या तेव्हा? म्हणून आई त्या जागी पाय उचलायची आणि उजव्या हातानं चाक फिरवत एकेक टाका काढायची. टक, टक, टक, अंगठ्यानं कापड दाबून धरलेलं. मग पुन्हा पाय.

आणि नाड्या! इलॅस्टिक बाजारातून गायबच झालं होतं, तेव्हा नाड्याच. दीड इंच रुंद, चाळीस इंच लांब पट्टी. दोन्ही कडा आत, मग मधोमध घडी, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप. एका मास्कला अशा दोन. म्हणजे नुसत्या नाड्यांचीच दोन मीटर शिलाई. तीन रुपयांत. दोरा आपला. रीळसुद्धा अर्ध्या शटरखालून वाढीव भावानं आणलेलं.

ब्लाउज असता तर आईनं त्या वेळात दीडशे मिळवले असते. पण ब्लाउज कुणाला हवा होता, हेही आहेच.

बाबा चुण्यांवर इस्त्री फिरवायचे आणि दहा-दहाची गड्डी बांधायचे. जन्मभर तिकिटांचा हिशेब केलेला माणूस, गड्डी एकाने कमी-जास्त झाली तर झोप यायची नाही. रात्री पंख्याखाली आम्ही तिघं, कापसाची भुरी सगळ्या घरभर, आईच्या केसांवर, वरणात. टीव्हीवर आकडे चालू. खरं सांगायचं तर त्या दिवसांत घरात भीती कमी होती ती त्या मशीनच्या आवाजामुळं. मी लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये बसायचो, मागून खडखड ऐकू गेली की टीमलीड म्हणायचा म्यूट कर. मी करायचो. एरवी तो आवाज बंद झाला की मीच उठून बघायचो, आई का थांबली.

आणि हो, आईनं फुकटही शिवले. घंटागाडीवाल्यांना, समोरच्या पोरांना, दूधवाल्याला. त्यासाठी कपाटातले ओटीचे ब्लाउजपीस निघाले. तुमच्याही घरी आहेत, खोटं बोलू नका. वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरणारे, कुणीच कधी न शिवलेले. त्यातही धागा जाळून बघायचा, दहातले सहा-सात पॉलिस्टर निघायचे. सुती निघाला तर एका पीसमध्ये नाड्यांसकट जेमतेम चार मास्क. ते तिनं कुणी न सांगता दिले. मोजलेही नाहीत. कुणी "संकटाचा काळ हाय" म्हणून तिला शिकवलं नव्हतं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येणार की कापडी मास्कचा एन-९५ इतका उपयोग नसतो. मान्य. नव्हताच. जून २०२० मध्ये डब्ल्यूएचओनंही कापडी मास्क तीन पदरी करा म्हणून सांगितलं, मग आईनंही तिसरा पदर घातला. झालं? पण ज्या महिन्यात मेडिकलमध्ये मास्क औषधालाही मिळत नव्हता आणि नर्सबाईच एक मास्क धुऊन धुऊन वापरत होत्या, त्या महिन्यात तुमच्या तोंडावर काय होतं? साहेबांच्या तोंडावर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. साहेबांनी त्या मे महिन्यात मला फोन करून विचारलं होतं, "तुझी आई शिवते ना रे? मुलांसाठी चार पाठव ना, जरा डिझायनर. पैशाचं बघू." ते पैशाचं अजून बघतायत.

सरकारनं मार्चमध्ये मास्कच्या किमतीला लगाम घातला. दोन पदरी आठ रुपये, तीन पदरी दहा. बरं केलं, तेव्हा चाळीस-पन्नासला विकणारे महाभाग होते. ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यानं ते अजून खाली आणलं, तीन-चार रुपयांवर, एन-९५ सुद्धा १९ ते ४९ मध्ये. ते सगळे कारखान्यातले. पण मास्क महाग होऊ नये याची काळजी सगळ्यांना; शिलाई किती असावी हे कुणाच्याही कागदावर नव्हतं. बचत गटांच्या बायकांनी राज्यभर ढिगानं मास्क शिवले, काही ठिकाणी दर बरे मिळाले म्हणतात, मिळाले असतील, आनंद आहे. आमच्या आळीत तीन.

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडकडं एका गृहस्थानं सोन्याचा मास्क करून घेतला होता, आठवतंय? जवळपास तीन लाखांचा. सगळ्या चॅनेलांवर. त्याच्या सोनाराला घडणावळ मिळाली असणारच. सोनाराला कोण म्हणेल, तुम्ही तसेही घरीच बसून आहात?

भाऊंचे मास्क वाटले गेले. प्रत्येक मास्क एका प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटावर भाऊंचा हात जोडलेला चाररंगी फोटो, वर 'आपला सेवक'. छपाई अगदी झकास. त्या प्रेसवाल्यालासुद्धा कुणी पैशाकडं बघू नका म्हटलं असेल असं वाटत नाही. आमच्या दारातही पोरं एक पाकीट टाकून गेली. आईनं पाकीट फोडलं, फोटो बघितलासुद्धा नाही, मास्क उलटा करून कडेची टीप बघितली आणि म्हणाली, "ही शालनची हाय. तिची टीप डावीकडं जाते."

भाऊंमुळं आळीत मास्क पोचले, हे खरंच. आणि ते तीन-तीन रुपये जमून आमचा किराणा आला, हेही खरं. पैसे आले मात्र दिवाळी जवळ आल्यावर, तेही वरची चिल्लर कापून. तोपर्यंत "भाऊ बाहेरगावी हायत."

मी आईला तेव्हा म्हणालो होतो की दर मिळत नाही तर देऊ नकोस शिवून. ती म्हणाली, "आन् मग ते टेरिकॉटचंच वाटतील." यावर मला आजही उत्तर नाही, आणि म्हणूनच बहुतेक इतका राग येतो. ज्या बाईला काम नीट झाल्याशिवाय चैन पडत नाही, तिला कमी पैशांत गाठता येतं, हे त्या बुलेटवाल्याला बरोबर माहीत होतं. तुम्हालाही माहीत असतं. आठ हजारांची साडी कार्डावर घेताना तोंडातून शब्द निघत नाही आणि फॉल-पिकोचे शंभर म्हटलं की "अहो काकू, शंभर?" (बायकांनाच बोलतोय असं नाही. पँटची उंची कमी करायला चाळीस रुपये सांगितले म्हणून भांडणारे माझे मित्र याच पोस्टला लाइक करणार आहेत. करा.)

२०२२ च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती गेली. सगळ्यांनी दोन दिवसांत मास्क फेकले, त्याचीच गाडी पुसायची फडकी केली. त्याचं मला काही नाही, कापड आहे, पुसायला वापरावंच. पण ज्यांच्या हातून ते आलं त्यांना टाइमपास म्हणू नका इतकंच—

हे लिहिता लिहिता आईचा फोन आला, म्हणून तासभर थांबलो होतो. बराच शांत झालोय. वरचं खोडत नाही, राहू दे.

तिला दुपारचं सांगितलं. म्हटलं साहेब असं असं म्हणाले. तिला काही विशेष वाटलं नाही. ती घाईत होती. मिरचीचा सीझन चालू आहे, कांडप मशीनवर काम करणाऱ्या बायकांना ठसक्यानं उभं राहवत नाही, त्यांनी आईकडं मास्कची ऑर्डर दिलीय. तीन पदरी, नाडीवाले, सुती, धुऊन परत वापरता येतील असे. चुण्या जरा खोल हव्यात म्हणाल्या, दिवसभर बोलावं लागतं. कापड आईचंच.

मी विचारलं, "काय दर लावलास?"

"तीस."

"घेतले?"

"त्यातली एक म्हणली, काय काकी, मास्कला तीस? म्हणलं, मग पदर बांध. घेतले गप. रोख."