४०७० चा स्टिकर आणि जळगावचा मे महिना

सीईटीचे निकाल लागले, पोरं पुण्या-नाशकाकडे निघाली की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर लॅपटॉपचा एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा असा:

"गेमिंग लॅपटॉप घेताय? जास्त डोकं लावू नका. ग्राफिक्स कार्डाचा नंबर जितका मोठा तितका लॅपटॉप दांडगा. प्रोसेसर आय७ च्या खाली नको. बारीक-हलका मिळाला तर तोच घ्या, ताकद सारखीच असते. गरम होत असेल तर हजाराचा कूलिंग पॅड लावा. गावाकडे व्होल्टेज कमी असेल तर स्टॅबिलायझर लावा. आणि लाखाच्या आत गेमिंग लॅपटॉप येतच नाही."

सहा सल्ले, आणि एकातही वॅट हा शब्द नाही. गोची तिथेच आहे.

"नंबर जितका मोठा तितका लॅपटॉप दांडगा"

लॅपटॉपातल्या ग्राफिक्स चिपला किती वीज पाजायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्ही ग्राफिक्स चिपांना, त्या बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने एकच पट्टा दिला आहे: ३५ ते ११५ वॅट. त्यामुळे 'आरटीएक्स ४०६०' असाच स्टिकर लावलेल्या दोन लॅपटॉपांपैकी एक ४५ वॅटवर धापा टाकत असतो आणि दुसरा ११५ वर पळत असतो. ४५ वॅटचा ४०६० हा पोटभर वीज मिळणाऱ्या ४०५० च्याही मागे पडतो, आणि पैसे मात्र ४०६० चेच द्यावे लागतात.

जाहिरातीत '१४० वॅट' दिसलं तर हुरळून जाऊ नका. त्यातले ११५ चिपचे स्वतःचे. वरचे २५ डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसर निवांत असेल तेव्हा त्याच्या वाट्याचे उसने घेतलेले. ४०६० ला शंभराच्या पुढे वीज देऊनही फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) फारशा वाढत नाहीत. तेव्हा १०५ की १४० यावर दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचा तो ५५ की १०५ यावर.

नंबराची दुसरी फसवणूक डेस्कटॉपशी तुलनेत होते. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ क्यूडा कोअर (चिपमधले छोटे गणक) आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव तेच, चिप वेगळी. यूट्यूबवर डेस्कटॉपचे आकडे बघून लॅपटॉपचं बजेट वाढवणारे इथेच फसतात. शिवाय लॅपटॉपच्या ४०६० मध्येही मेमरी ८ जीबीच असते, त्यामुळे जड टेक्स्चरच्या गेममध्ये दोघांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं.

तपासायचं कसं? जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या काउंटरवर उभ्या-उभ्या दोन मिनिटांत होतं. डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यातल्या 'सिस्टम इन्फर्मेशन'वर क्लिक करा आणि 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर'ची ओळ वाचा. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या साइटवरच्या तपशीलपत्रात 'टीजीपी' (ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज) शोधा. तिथे आकडाच दिलेला नसेल तर तो लपवण्यासारखा आहे असं खुशाल समजा.

"आय७ च्या खाली नको"

आय५-१३४५०एचएक्स आणि आय७-१३६२०एच हे इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून बघा. दोन्हींत ६ मोठे आणि ४ छोटे कोअर, १६ थ्रेड. आय७ चा वेग आणि कॅशे (आतली झटपट मेमरी) थोडे जास्त, पण गेम चालवताना हा फरक जाणवण्याआधी ग्राफिक्स चिपच दमते. आकड्यापेक्षा शेवटची अक्षरं वाचा: 'यू' म्हणजे कमी विजेचा, 'एच' आणि 'एचएक्स' म्हणजे दणकट.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे एक अडचण वेगळीच आहे. रायझन ७ ७४३५एचएस स्वस्त गेमिंग मॉडेलांत भरपूर दिसतो, आठ कोअरचा आहे, गेमला चांगला आहे. पण त्याच्या आत स्वतःचं छोटं ग्राफिक्स नाही. साधी पीडीएफ उघडली तरी मोठी ग्राफिक्स चिप जागीच राहते आणि बॅटरी खात बसते. ज्याचा लॅपटॉप कायम टेबलावर चार्जरला लावलेला असेल त्याने बिनधास्त घ्यावा. दिवसभर कॉलेजात बॅटरीवर काढणाऱ्याने टाळावा.

"बारीक-हलका घ्या, ताकद सारखीच"

ताकद म्हणजे वॅट, वॅट म्हणजे उष्णता, आणि उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, जाळी आणि पंखे लागतात. दीड किलोच्या लॅपटॉपात या सगळ्याला जागा कमी, म्हणून चिपची वीज कापली जाते. कापूनही जे उरतं ते चांगलं असू शकतं, पण त्या बारीकपणाची किंमत वेगळी मोजावी लागते.

परवडणारे पंधरा इंची गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचे असतात. त्यात चार्जरची वीट मिळवा, पाऊण किलोच्या आसपास. खांद्यावर तीन किलो. महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळहून पुणं गाठणाऱ्याला हे सहन होतं. रोज कॉलेजात नेणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यात नकोसं होतं. त्यासाठी टाइप-सी पोर्टवर पॉवर डिलिव्हरीने चार्जिंग होतं का ते बघा, कारण सगळ्या मॉडेलांत ते नसतं. होत असेल तर वीट खोलीवर ठेवायची आणि ६५ किंवा १०० वॅटचा छोटा चार्जर पिशवीत टाकायचा. कोडिंग, नोट्स, ब्राउझर त्यावर आरामात चालतं, गेम नाही. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटला तर ती २३० वॅटची वीट लावूच नका. तिथे ११० व्होल्ट असतात आणि ती सोय मोबाइल-साध्या लॅपटॉपापुरती आहे.

बॅटरीचं गणित तोंडी करता येतं. क्षमता ६० वॅट-अवर. हलक्या कामाला १२-१५ वॅट लागले तर चार-पाच तास. गेमला ७० वॅट लागले तर पन्नास मिनिटं, आणि त्यातही बॅटरीवर चिप पूर्ण वेगाने धावत नाही. '८ तास बॅटरी' हा आकडा मंद उजेडात व्हिडिओ चालवून काढलेला असतो.

"हजाराचा कूलिंग पॅड लावा"

हा सल्ला पुण्या-मुंबईत निभावून जाईल. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि बहुतेक लॅपटॉपांच्या तपशीलपत्रात वापरासाठी भोवतालचं तापमान कमाल ३५ अंश दिलेलं असतं. तो आकडा कोणी वाचत नाही.

पंखा थंडावा तयार करत नाही, खोलीतली हवा जाळीवरून ढकलतो एवढंच. खोली ३० वरून ४२ ला गेली की आतली चिपही जवळपास तेवढीच वर सरकते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग कापतो, ग्राफिक्स चिप साधारण ८७ च्या आसपास. पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग अडखळायला लागतो तो यामुळे. साध्या जाळीच्या पॅडने दोन-चार अंश उतरतात. लॅपटॉपच्या मागच्या बाजूखाली दोन-अडीच सेंटिमीटरचं लाकूड सरकवलं तर त्यातलं बरंचसं काम फुकटात होतं.

खरा फरक सेटिंगने पडतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ६० किंवा ७५ वर बांधा. चिपला १४४ फ्रेमसाठी जीव काढायला लावू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केली की टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. प्रोसेसरचं तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज उतरतं आणि ६० फ्रेमवर बांधलेल्या बहुतेक गेममध्ये फरक कळतही नाही. दिवाळीनंतर पुन्हा १०० करा.

कूलरबद्दल. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली छान उतरवतो, लॅपटॉपलाही ते मानवतं. पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवला तर पाण्याचे तुषार आणि गवताची कुसं आत जातात, आणि ओली धूळ जाळीवर लिंपल्यासारखी बसते. झोत आडवा जाईल असं टेबल ठेवा. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोगही संपतो.

आणि कापूस. हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या) आसपास राहणाऱ्यांच्या लॅपटॉपात धुळीबरोबर तंतू जातात. पंखा आणि जाळी यांच्या मधे त्यांचा नमदा तयार होतो, अगदी पापुद्र्यासारखा सोलून निघणारा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आणखी घट्ट बसतो. खालचं झाकण उघडून, पंख्याची पाती बोटाने धरून, चिमट्याने तो काढावा लागतो. पाती न धरता हवा मारली तर पंखा नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग जाऊ शकतं. हे काम वर्षातून दोनदा. थर्मल पेस्ट बदलण्याच्या भानगडीत मात्र नवख्याने पडू नये: काही मॉडेलांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, ते वीज वाहून नेतं, आणि एक थेंब मदरबोर्डावर पडला की संपला खेळ.

"व्होल्टेज कमी, स्टॅबिलायझर लावा"

चार्जरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं: इनपुट १००-२४० व्होल्ट. शेतीपंप सुरू होऊन व्होल्टेज १८० वर आलं तरी त्याला फरक पडत नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा आणि अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या झाकणावर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर बहुधा तिसऱ्या पिनला अर्थ मिळत नाही. पिन तोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून चार्जर वापरणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. वीज जाता-येताना बसणाऱ्या झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर पुरे, पण तोही अर्थिंग असेल तरच कामाचा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मोठा चार्जर गुणगुणतो, तापतो, कधी लॅपटॉप चार्जच होत नाही. साइन वेव्ह घ्या. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. घट धरून त्यातले साठेक टक्के हाताशी लागतात. गेम चालू असताना भिंतीतून २०० वॅट जात असतील आणि वर दोन पंखे-दिवे, तर तीन-साडेतीन तास.

"लाखाच्या आत येतच नाही"

येतो की, भो. १०८० पी (फुल एचडी) स्क्रीनवर खेळायचं असेल तर ६ जीबी मेमरीचा ४०५० पुरतो, आणि व्हॅलोरंट-काउंटर स्ट्राइकसारख्या गेमांना ६ जीबीचा ३०५० सुद्धा. हे दोन्ही लाखाच्या आतच विकले गेले आहेत. टाळायचं ते ४ जीबी मेमरी: २०५०, किंवा ३०५० ची ४ जीबीची आवृत्ती. नवे गेम तिथे चिप दमायच्या आधी मेमरी भरल्यामुळे अडकतात.

वाचलेले पैसे रॅमवर घाला. स्वस्त मॉडेलांत बहुधा १६ जीबीची एकच पट्टी असते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी; तिथे 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं तर रॅम अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावर चालते आहे. प्रोसेसरवर ताण देणाऱ्या गेममध्ये दुसरी पट्टी टाकल्यावर दहा टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे दोन प्रकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आधी बघून घ्या. स्क्रीनच्या तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' असेल तर रंग फिके असतात. गेमला चालतं, फोटो-व्हिडिओच्या कामाला नाही.

वॉरंटीत 'ऑनसाइट' लिहिलेलं असलं तरी तुमच्या पिनकोडवर इंजिनिअर येतो का हे पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. शहादा, यावल, शिरपूरकडच्यांनी तर नक्कीच. येत नसेल तर ऑनसाइटसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारून घ्या. आणि डबा उघडल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास जड गेम चालवून एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सचे वॅट बघा. कागदावरच्या आकड्यापेक्षा (डायनॅमिक बूस्टचे २५ सोडून) वीस-तीस कमी भरले आणि परफॉर्मन्स मोड चालू असूनही वर जात नसतील, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तक्रार टाका.