तापी खोऱ्यातला ‘आज रात्रीचा’ भूकंप

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज असा: तुर्कस्तानचा भूकंप एका डच शास्त्रज्ञाने तीन दिवस आधी सांगितला होता, मीडियाने तो दाबला. आता त्यानेच तापी खोऱ्याचं नाव घेतलंय. आज रात्री घरात झोपू नका, मोबाइल बंद ठेवा आणि हे पुढे पाठवा. प्रत्येक शेअरमागे कंपनी भूकंपग्रस्तांना एक रुपया देते. खाली कोसळणाऱ्या इमारतीचा व्हिडिओ.

हे वाचून चोपड्याची माझी सत्तरीतली, दम्याची आत्या भर थंडीत अंगणात खाट टाकून झोपली. ओरडलो तर म्हणते, ‘काय करू भाऊ, मेसेज आला ना!’ म्हणून हा खटाटोप.

हा ‘शास्त्रज्ञ’ म्हणजे फ्रँक हूगरबीट्स. भूकंपशास्त्राशी संबंध नाही, ग्रहांच्या जुळणीवरून भूकंप सांगतो. ३ फेब्रुवारी २०२३ ला त्याने लिहिलं होतं की दक्षिण-मध्य तुर्कस्तान, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन या भागात आज ना उद्या साधारण ७.५ चा भूकंप होईल. आज ना उद्या! तापीला आज ना उद्या पूर येईल, हे तर मीही सांगतो. ६ तारखेला ७.८ चा धक्का बसला आणि साहेब जगप्रसिद्ध झाले. दाबला कुठला, आपल्या चॅनेलांनीच त्याला डोक्यावर घेतलं.

अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, स्वच्छ सांगते: मोठ्या भूकंपाचं भाकीत आम्ही किंवा कुठल्याही शास्त्रज्ञाने आजवर कधीच केलेलं नाही. भाकीत म्हणायचं तर तारीख-वेळ, ठिकाण आणि तीव्रता, तिन्ही हवं. मेसेजमध्ये ठिकाण काय, तर ‘तापी खोरं’. मुलताई ते सुरत, ७२४ किलोमीटर. नेमकं कुठे रे बाबा?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. किल्लारीला १९९२ मध्ये छोटे धक्के बसत होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा आला. म्हणजे जमीन आधी कुरकुरते कधीकधी. पण पालघरात, डहाणू-तलासरीकडे, २०१८ च्या नोव्हेंबरपासून कितीतरी धक्के बसले, लोक थंडीत तंबूत राहिले, आणि किल्लारीसारखा मोठा काही आला नाही. कोणते धक्के पुढच्या मोठ्याचे आणि कोणते नुसतेच, हे तेव्हा कोणी सांगू शकत नाही. सांगतो म्हणणारा थापा मारतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी ओळ मोबाइल बंद ठेवण्याची. ढिगाऱ्याखालच्या माणसाजवळ एक फोनच तर असतो! वर, अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा येण्याची सोय भारतात २०२३ पासून आहे. ते भाकीत नाही. धक्का सुरू झाल्यावर, जोराच्या लाटा पोहोचण्याआधी काही सेकंद मिळतात. बंद फोनवर काय येणार, कपाळ?

कंपन्यांची बाजू घेतोय असं समजू नका. तुर्कस्तानात गूगलच्या याच यंत्रणेने पहिल्या धक्क्याची तीव्रता पाचच्याही खाली धरली. जोरात वाजणारा सर्वात गंभीर इशारा सुमारे एक कोटी लोकांपर्यंत जाऊ शकला असता, तो गेला ४६९ जणांना. आधी यंत्रणा नीट चालली म्हणणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये शोधनिबंधात ही चूक मांडली. राग काढायचा तर यावर काढा.

शेअरमागे रुपया? कोणी मोजत नाही, कोणी देत नाही. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपाच्या वेळी एअरटेलने तिकडचे कॉल काही काळ फुकट केले होते. त्यासाठी कोणाला काही फॉरवर्ड करावं लागलं नव्हतं. व्हिडिओ फ्लोरिडातला, २०२१ चा. ती इमारत भूकंपाने पडलीच नव्हती. मीडियावर विश्वास नाही म्हणता, तर त्याला कारणं आहेत. त्या भूकंपात आपल्या चॅनेलांच्या वागण्याला वैतागून नेपाळींनी ‘गो होम इंडियन मीडिया’ उगाच नाही ट्रेंड केलं. पण म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज खरा ठरत नाही.

आणि धोका नाही असं मी म्हणतच नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झालेला आहे. खानदेशाचा मोठा भाग २०१६ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होता. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या जड मातीच्या छपराखाली. आत्याचं घरही धाब्याचंच. गळू नये म्हणून धाब्यावर माती टाकत टाकत थर केवढा झालाय. तो कमी करायला, भिंतीच्या भेगा दाखवायला, कोपरे बांधून घ्यायला गवंडी बोलावला पाहिजे. खर्च आहे, मान्य. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, त्यांनी वर्गणीचं बोलावं.