राणी मारियाला गावकऱ्यांनी मारलं? नाही, नीट वाचा

कॅथलिक नन जी सेवा करतात त्याबद्दलचा तो मेसेज परत सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की सेवा हा नुसता बुरखा, खरा धंदा धर्मांतराचा, हजारोंना बाटवलं, आणि मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया ह्या ननला चिडलेल्या गावकऱ्यांनी ह्याच कारणासाठी संपवलं, ह्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांनी आणलेल्या बायका, आणि तिच्या घरच्यांनी खुन्याला माफ केलं तोही देखावाच. इंदूरकडे आपली मराठी माणसं एवढी आहेत आणि तरी हा मेसेज आपल्याच ग्रुपवर डोळे झाकून पुढे ढकलला जातो, ह्याचा खरंच राग येतो.

आधी ते "परदेशी" प्रकरण उरकू. राणी मारिया केरळच्या पुल्लुवळीची, जन्म १९५४. तिची संस्था फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट, १८८८ साली केरळातच सुरू झालेली. भारतातल्या पहिल्या महिला संत अल्फोन्सासुद्धा ह्याच संस्थेच्या. परदेशी कुठून आलं?

आता "गावकऱ्यांनी मारलं". साफ खोटं. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसली. वाटेत नाचनबोरच्या घाटात समंदर सिंह नावाच्या माणसाने बस थांबवायला लावली, नारळ फोडला, परत आत आला आणि भर बसमध्ये तिला भोसकायला लागला, मग ओढत खाली रस्त्यावर आणलं आणि तिथेही वार चालूच. ५० च्या आसपास जखमा. प्रवासी घाबरून पळाले. ह्यात चिडलेला जमाव कुठेच नाही, एक माणूस होता आणि मागे त्याला चिथावणारे होते.

चिथावणारे का चिडले होते हे समजायला तिचं काम बघावं लागतं, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गायब आहे. १९९२ मध्ये ती देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. तिथल्या आदिवासी मजुराचं चक्र असं, की पेरणीला सावकाराकडून पैसे उचलायचे, पीक आलं की ते सरळ त्याच्या घरी, उरलेलं व्याज फेडायला त्याच्याच शेतात राबायचं, आणि पुढच्या पावसाळ्याला परत त्याच्याच दारात. सिस्टरने बचत गट उभे केले, बँकेचं कर्ज कसं मागायचं ते शिकवलं, सरकारी योजनांचे फॉर्म भरून घेतले. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेने, बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग १९९२ मध्येच सुरू केला होता, म्हणजे ती काही जगावेगळं करत नव्हती. पण मजूर बँकेत जायला लागला की सावकाराचं व्याज बुडतं, आणि फुकटात राबणारे हातही जातात.

"हजारोंना बाटवलं" म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. मध्य प्रदेशात धर्मांतराचा कायदा १९६८ पासून आहे, धर्मांतर झालं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मग हजारोंची नोंद कुठाय? दाखवा ना. ती श्रद्धाळू होती, येशूसाठीच हे करतेय हे तिने कधी लपवलं नाही, पण श्रद्धेपोटी गरिबाला कर्जातून सोडवणं आणि त्याला बाटवणं ह्या दोन गोष्टी एक नाहीत, आणि कोणी मुद्दाम एक करत असेल तर त्याला टोकलंच पाहिजे.

शेवटचा आरोप, म्हणजे माफीबिफी सगळा देखावा. २००२ मध्ये तिची सख्खी बहीण सेल्मी, तीही ह्याच संस्थेची सिस्टर, तुरुंगात जाऊन समंदर सिंहला राखी बांधून आली. नंतर आईनेही त्याला माफ केलं. तिच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये इंदूरला चर्चने तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे सगळं, तेव्हा कॅमेऱ्यासाठी कोण नाटक करतंय? आणि स्वतः समंदर सिंहने नंतर उघडपणे सांगितलंय की ही बाई लोकांना बाटवते असं कानात भरून त्याला भडकवलं होतं. म्हणजे मेसेजमधला हा आरोप तेव्हाही खून करवून घ्यायलाच वापरला होता, आणि ज्याच्या हातून खून झाला तोच आज म्हणतो की आपल्याला फसवलं गेलं.